बायकोचा तिसरा हिस्सा

मी जळकी बाई आहे. हे मी माझ्याच तोंडानं सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्रास नको. लहानपणी माझ्या बहिणीला माझ्याआधी चष्मा लागला, तेव्हासुद्धा माझ्या पोटात दुखलं होतं. तेव्हा ट्रूडी लँगबद्दल मी जे काही सांगेन, ते हे लक्षात ठेवून ऐका.

ट्रूडी म्हणजे वेंडल लँगची विधवा. वेंडल आणि माझा नवरा एमिल चुनखडीच्या खाणीत एकाच पाळीला होते. हिवाळ्यात एरी सरोवर गोठलं की बर्फावर एक लाकडी खोपटं ओढून न्यायचे आणि दिवसभर त्यात मासे धरत बसायचे. बारा वर्षांपूर्वी त्या खोपट्यातच वेंडलचं हृदय बंद पडलं. एमिलनं त्याला घसरगाडीवर घालून एकट्यानं किनाऱ्यापर्यंत ओढत आणलं. तेव्हापासून ट्रूडीकडे काहीही मोडलं की एमिल हजर. तिचा होडीचा धक्का, तिची मोटर, तिचं गळकं छप्पर. आमच्या स्वयंपाकघरातला नळ दोन वर्षं टपटपत होता, त्याच्याकडे बघायला मात्र त्याला सवड नव्हती.

बरं, बाई वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. ती वाईट नाही. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये पर्च मासे तळून वाढतात. पिठात मासे घोळवायला आम्ही दोघी शेजारीशेजारी उभ्या असतो. तिच्या हातचं पीठ कुरकुरीत होतं, माझं सुटून तेलात तरंगतं. एमिल ताट घेऊन यायचा तो तिच्या बाजूनं. मी विचारलं तर म्हणायचा, तिकडची रांग लहान होती. रांग लहान नव्हती, मी माणसं मोजली होती.

शाळेचं स्वयंपाकघर कंत्राटदाराकडे गेलं आणि माझी बावीस वर्षांची नोकरी संपली, तेव्हा सत्तावन्नाव्या वर्षी मी घरविक्रीच्या परवान्याच्या वर्गाला नाव घातलं. सरोवराकाठची उन्हाळी घरं सतत विकली जातात, आणि ती विकणाऱ्या पोरींना मी त्यांच्या लहानपणी शाळेत जेवू घातलेलं आहे. त्यांना जमतं तर मला का जमू नये, असं माझ्या मनात आलं. म्हणजे पाहा, सुरुवातसुद्धा जळण्यातूनच झाली.

वर्ग दर शनिवारी सकाळी असायचा. शिकवायला प्रूइट नावाचे गृहस्थ होते, चाळीस वर्षं घरं विकलेले. मी त्यांना मनात मास्तर म्हणायची. पहिल्याच दिवशी त्यांनी काटक्यांची एक मोळी आणून टेबलावर ठेवली. मालकी म्हणजे ही मोळी, म्हणाले. एक काटकी राहण्याच्या हक्काची, एक भाड्यानं देण्याची, एक विकायची, एक फुकट देऊन टाकायची. मग एकेक काटकी उपसून समोरच्या माणसाच्या हातात देत गेले. जमीन तिथेच असते, काटक्या मात्र फिरत राहतात, हे त्या दिवशी मला कळलं ते कायमचं.

चौथ्या शनिवारी ते नवराबायकोच्या हक्कावर आले. हा जुना कायदा आता देशातल्या मोजक्याच राज्यांत उरला आहे आणि आमचं ओहायो त्यातलं एक. जमीन नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असली, लग्नाआधीची असली, तरी तिच्यावर बायकोचा तिसऱ्या हिश्शाचा हक्क चढतो. नवरा आधी गेला तर ती जिवंत असेपर्यंत तिसरा हिस्सा तिचा. म्हणून नवऱ्यानं जमीन विकताना किंवा देऊन टाकताना त्या कागदावर बायकोनंही सही करून आपला हक्क सोडावा लागतो. बायकोच्या जमिनीत नवऱ्यालाही तेवढंच. वर्गातले दोघंतिघं हसले. मी हसले नाही. तेहतीस वर्षं कुणाची तरी बायको असण्याबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी मला काहीतरी देत होतं.

वर्ग सुटताना मास्तरांनी घरचा अभ्यास दिला. प्रत्येकानं जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत जाऊन स्वतःच्या घराचा दस्त काढून आणायचा. आपल्या घराचा कागद ज्यानं वाचला नाही, त्यानं दुसऱ्याचं घर विकायला जाऊ नये, असं त्यांचं म्हणणं.

मंगळवारी मी कचेरीत गेले. नाव टाकलं की त्या माणसानं गेल्या पस्तीस वर्षांत दिलेले आणि घेतलेले सगळे दस्त तिथल्या यंत्राच्या पडद्यावर येतात. मी बोदनार, एमिल असं टाकलं. आमच्या घराचा दस्त सापडला. देणारे माझे सासरे, घेणारा एमिल बोदनार, अविवाहित. तारीख आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षीची. घराचं त्यानंतर काहीच नाही. ज्या घराच्या भिंतींना मी तीनदा शोभेचा कागद चिकटवला, जिथून दोन पोरी लग्न करून गेल्या, त्या घराच्या कागदावर माझ्या नावाचा पत्ता नव्हता. मी खुळ्यासारखी पडदा वर-खाली करत राहिले. आणि असं करतानाच खालची दुसरी ओळ दिसली. देणारा एमिल बोदनार. घेणारी ट्रूडी लँग.

तो दस्त सरोवराकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीचा होता. ती जागा वेंडलची, असंच मी इतकी वर्षं समजत होते. सगळं गाव तिला वेंडलचा काठ म्हणतं. कागद दुकानात मिळणारा छापील फॉर्म होता आणि रिकाम्या जागा एमिलनं स्वतः भरलेल्या होत्या, वाणसामानाची यादी करतो त्याच ठोकळ्या अक्षरात. तारीख वेंडल गेल्यानंतर दीड महिन्याची. त्या आठवड्यात माझ्या आईचं ऑपरेशन होतं आणि मी टोलेडोला होते.

जमिनीच्या बदल्यात काय मिळालं, हे सांगायला फॉर्मवर दोन चौकोन होते. एक पैशाचा, तो कोरा. दुसऱ्यापुढे छापलं होतं, 'प्रेम व आपुलकीपोटी', आणि त्या चौकोनात एमिलची खूण. आता हे शब्द बक्षीसपत्रावर नेहमीच असतात, बाप मुलाला देतो तेव्हाही असतात आणि चुलती पुतण्याला देते तेव्हाही, हे मास्तरांनी आदल्याच शनिवारी शिकवलं होतं. मला ते पाठ होतं. तरीसुद्धा माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तेहतीस वर्षांत एमिलनं मला वाढदिवसाच्या कार्डावर 'तुझा एमिल'च्या पुढे काही लिहिलेलं नाही.

मी दोन्ही दस्तांच्या नकला घेतल्या आणि पिशवीत घातल्या. गाडी चालवताना आमच्या घराचं वळण मागे राहिलं, हे मला खाणीच्या फाटकाशी पोचल्यावर कळलं.

दुसरी एखादी असती तर त्याच रात्री भांडली असती. मी नाही भांडले. कारण तोपर्यंत माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. ट्रूडीच्या कागदावर माझी सही नव्हती.

पुढच्या शनिवारी मी मास्तरांना विचारलं. समजा, एका माणसानं बायकोच्या नकळत एका बाईला जमीन देऊन टाकली, तर काय?

"लंगडा दस्त," मास्तर म्हणाले. "जमीन बाईची होते, पण बायकोचा तिसरा हिस्सा तिच्यावर बसून राहतो. बाईला काही दिवस जाणवतही नाही. ज्या दिवशी ती विकायला काढेल, त्या दिवशी घेणाऱ्याचा वकील ते पकडेल."

"आणि मग?"

"मग त्या माणसाला हात जोडत बायकोकडे यावं लागेल." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "बोदनारबाई, हे समजाच आहे ना?"

मी म्हटलं, समजाच आहे.

तेव्हा सगळ्या गावाला ठाऊक होतं की ट्रूडी दूर गरम हवेच्या टूसनला लेकीकडे कायमची राहायला जाणार. तिच्या संधिवाताला इथली थंडी सोसेना. एप्रिल संपता संपता वेंडलच्या काठावर 'विकणे आहे'ची पाटी लागली. मी रोज त्या बाजूनं गाडी नेऊ लागले. एक दिवस पाटीवर गिऱ्हाईक ठरल्याची पट्टी चिकटलेली दिसली आणि मला इतका आनंद झाला की जणू माझंच घर विकलं गेलं होतं.

मग मी वाट पाहिली. त्या दिवसांत मी एमिलशी फार गोड वागले. त्याच्या आईच्या पद्धतीनं कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून शिजवला, तोही दोनदा. शेवटी त्यानं विचारलं की तुला बरं नाहीये का. ट्रूडीशीही गोड वागले. चर्चमध्ये तिनं मला टूसनच्या लेकीच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाचा फोटो दाखवला, तर मी म्हटलं, नशीबवान आहेस बाई. आतून माझा कोळसा होत होता. मला फक्त एवढंच हवं होतं की एमिलनं यावं आणि स्वतःच्या तोंडानं सांगावं.

तो आला एका गुरुवारी सकाळी. मी अंडी तळत होते. त्यानं एक लिफाफा मिठाच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि टोस्टला लोणी लावायला घेतलं.

"नोरीन, एक सही हवी होती."

"कशावर?"

"ट्रूडीच्या जागेचं आहे काहीतरी. गिऱ्हाइकाचा वकील म्हणतो तुझी सही राहिलीय. नुसता सोपस्कार आहे."

"सोपस्कार नाही तो," मी म्हटलं. "माझा तिसरा हिस्सा आहे तो."

मी पिशवीतून ट्रूडीच्या दस्ताची नकल काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. त्यानं स्वतःचं अक्षर ओळखलं. टोस्ट खाली ठेवला आणि बराच वेळ हात पुसत बसला.

एमिल मितभाषी माणूस. त्या सकाळी तो जेवढं बोलला तेवढं मी त्याला सलग बोलताना कधी ऐकलेलं नाही. ती पट्टी त्यानं आणि वेंडलनं मिळून घेतली होती, आमच्या लग्नाच्याही आधी, खाणीच्या पहिल्या दोन पगारांत. कागद असा केला होता की दोघांतला जो मागे राहील त्याची सगळी जागा. तेव्हा दोघं तरुण होते आणि मरण ही थट्टेची गोष्ट होती. वेंडल गेल्यावर वकिलानं एमिलला सांगितलं की आता जागा एकट्या तुझी, ट्रूडीचा तिच्यावर काही हक्क नाही. धक्का वेंडलनं बांधलेला, झाडं ट्रूडीनं लावलेली, पण कागद म्हणजे कागद.

"माझ्यासमोर गेला तो," एमिल म्हणाला. "माझ्या हातात. आणि वर त्याची जागा पण मीच घ्यायची? मला जेवण जाईना. दुकानातून फॉर्म आणला, भरला, बँकेत नोटरीपुढे सही केली. बायकोची सही लागते हे कुणाला माहीत होतं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू नको म्हणाली असतीस."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून माझा आणखीच तिळपापड झाला. मी दुसरी नकल काढली, आमच्या घराची, आणि पहिलीवर ठेवली.

"हे काय?"

"घर. वाच."

त्यानं वाचलं. त्याला काही कळलं नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"बाबांनी दिलं तेव्हा आपलं लग्न कुठे झालं होतं?"

"त्याला तेहतीस वर्षं झाली, एमिल."

"पण तुझं नाव कशाला लागतंय? तू राहतेसच की इथे."

"ट्रूडीसाठी दुकानात जाऊन फॉर्म आणलास. तिथे दोन मिळत नव्हते?"

त्यानं घराचा कागद परत माझ्याकडे सरकवला. मग अगदी सरळपणे म्हणाला, "तुला हवं होतं तर सांगायचंस."

अंडी करपली होती. मी गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर बसले. मी म्हटलं, आधी घर आपल्या दोघांच्या नावावर होईल, मागे राहील त्याचं सगळं, अगदी तुझ्या आणि वेंडलच्या कागदासारखं. तो दस्त सही होऊन माझ्या डोळ्यांसमोर आला की मग मी ट्रूडीच्या कागदावर हक्क सोडीन.

"गिऱ्हाईक महिनाअखेरपर्यंतच थांबणारे," तो म्हणाला.

"मग लवकर कर."

"म्हणजे सौदा झाला हा."

"हो. परवाना मिळायच्या आधीचा माझा पहिला."

तो उठला, टोपी घातली आणि कामाला गेला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. संध्याकाळी आला तेव्हा हातात नळाचं वायसर होतं. अर्ध्या तासात नळ दुरुस्त झाला.

पुढच्या बुधवारी वकिलाच्या कचेरीत एमिल, ट्रूडी आणि मी असे तिघं एका लांब टेबलापाशी बसलो. वकील तरुण मुलगी होती, माझ्या पोरींच्याच वयाची. तिनं आधी घराचा दस्त पुढे केला. एमिलनं चष्मा लावला आणि सही केली. कागदावर छापलेलं होतं, एमिल बोदनार आणि नोरीन बोदनार, पती-पत्नी. मी ते नाव तीनदा वाचलं. खरं सांगते, मला फार भारी वाटलं. ट्रूडी बघतेय ना, हे मी मुद्दाम वर मान करून पाहिलं. ती बघत होती, आणि हसत होती, चांगलं हसत होती.

मग वकिलीणबाईंनी ट्रूडीचा कागद माझ्यासमोर ठेवला, पेन दिलं, आणि घराच्या दस्ताच्या प्रती काढायला बाहेर गेल्या. एमिल गाडी दारात आणतो म्हणून उठला. आम्ही दोघीच उरलो. एक विचार माझ्या मनात येऊन गेला तो लपवत नाही. घराचं काम झालं होतं. आता मी पेन खाली ठेवलं असतं तर मला कोण काय करणार होतं? ट्रूडीचं गिऱ्हाईक गेलं असतं, टूसन गेलं असतं, आणि पुढच्या हिवाळ्यात ती बोटं चोळत आमच्या शेजारीच उभी राहिली असती. मग वाटलं, ती इथे राहिली की एमिल तिच्या धक्क्यावर आलाच. मी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात ट्रूडी माझ्याकडे सरकली आणि तिनं आपला सुजलेल्या सांध्यांचा हात माझ्या हातावर ठेवला.

"नोरीन, तुला किती वाईट वाटलं असेल ते मला समजतं गं," ती हळूच म्हणाली. "पण एक सांगू? तू मनात काही आणू नकोस. मी त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. अवाक्षरसुद्धा नाही. पोस्टानं कागद घरी आला तेव्हाच मला कळलं. मी परत करायला गेले तर त्यानं घेतलाच नाही."

ती मला धीर देत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. मी समोरच्या कागदाकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं जिथे मघाशी माझ्या घराचा दस्त होता. ट्रूडीचा फॉर्म त्यानं स्वतः दुकानात जाऊन आणला होता. माझा, मी करपलेल्या अंड्यांपुढे बसून मागितला होता, तोही तिच्याच जागेच्या बदल्यात.

"हो," मी म्हटलं. "कळलं."

मी सही केली, तारीख घातली आणि पेन तिच्याकडे सरकवलं. बाहेर एमिलनं दोनदा भोंगा वाजवला. तेहतीस वर्षांनी घर माझ्या नावावर झालं होतं, आणि ट्रूडीवर मी उभ्या आयुष्यात कधी जळले नव्हते इतकी त्या टेबलापाशी बसून जळत होते.